परदेशातून बडोद्याला कायमचे परतताना बचत कशी आणावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरांतून अमेरिका, ब्रिटन, आखाती देश, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे गेलेली अनेक कुटुंबे आता आईवडिलांसाठी, मुलांच्या शाळेसाठी किंवा नोकरी संपल्यामुळे परत येत आहेत. त्यांच्याकडून पैशांविषयी सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतील बहुतेक प्रश्न घरी पोहोचल्यावर विचारले जातात. खरे तर ते विमानाचे तिकीट काढण्याआधी विचारायला हवेत, कारण काही निर्णय नंतर फिरवता येत नाहीत. परकीय चलनाविषयीची उत्तरे १९९९ च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यावर आधारलेली आहेत. प्राप्तिकराविषयी लिहिताना कलमांचे क्रमांक मुद्दाम टाळले आहेत, कारण १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ते बदलले आहेत. निवासाचे मूळ निकष मात्र तेच आहेत.

१. आम्ही कायमचे परत येत आहोत. परदेशातली सगळी बचत भारतात आणावीच लागते का?

नाही. आपण परदेशात राहत असताना तेथे कमावलेली बचत, घेतलेले शेअर आणि घर परतल्यानंतरही तेथेच आणि आपल्याच नावावर ठेवण्याची मुभा फेमा कायद्याने स्पष्टपणे दिली आहे. त्या पैशांवर मिळणारे व्याज किंवा ती मालमत्ता विकून आलेली रक्कम परदेशातच पुन्हा गुंतवता येते आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. 'परत आल्यावर अमुक दिवसांत सगळे आणले नाही तर दंड होतो' ही समजूत जुन्या कायद्याच्या काळापासून चालत आली आहे आणि घरातील वडीलधारी माणसे ती आजही काळजीने सांगतात. या समजुतीपोटी घाईने मुदत ठेवी मोडून किंवा पडत्या बाजारात शेअर विकून पैसे आणण्याचे काहीही कारण नाही. पैसे परदेशात ठेवण्यास बंधन नाही. ते योग्य वर्षापासून विवरणपत्रात दाखवण्याचे बंधन मात्र आहे. त्याविषयी प्रश्न १८ पाहावा.

२. स्वतःची बचत भारतात आणली तर तिच्यावर कर लागतो का? किती आणता येते?

स्वतःची साठवलेली रक्कम एका देशातून दुसऱ्या देशात नेणे म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. बँकेमार्फत भारतात आणायच्या रकमेवर कमाल मर्यादाही नाही. मात्र ही रक्कम कोठून आली हे उद्या कोणी विचारले तर दाखवता यावे, यासाठी परदेशातील पगाराच्या पावत्या, तेथील करविवरणपत्रे आणि खाते बंद करण्यापूर्वीची बँक विवरणे जपून ठेवावीत. खाते बंद झाल्यावर जुनी विवरणे मिळवणे फार जड जाते.

३. आम्ही 'निवासी' नेमके कधी होतो? बँक एक सांगते आणि सीए दुसरेच सांगतात.

दोघेही बरोबर असतात, कारण दोघे वेगवेगळ्या कायद्यांविषयी बोलत असतात. फेमा कायदा हेतू पाहतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आपण भारतात उतरलात की त्या दिवसापासून आपण निवासी ठरता आणि बँकखात्यांचे नियम त्या दिवसापासून बदलतात. प्राप्तिकर कायदा दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात काढले असतील तर आपण त्या वर्षासाठी निवासी ठरता. त्या वर्षात ६० किंवा अधिक दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस भारतात काढले असतील तरीही निवासी ठरता. सुट्टीवर येणाऱ्या भारतीयांना या ६० दिवसांच्या अटीत सवलत आहे, परंतु कायमचे परतणे म्हणजे सुट्टीवर येणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. म्हणून आधीच्या चार वर्षांत ज्यांचे येणेजाणे फार झाले आहे, घरी कोणी आजारी होते म्हणून किंवा येथून काम केले म्हणून, त्यांनी परतण्याची तारीख ठरवण्यापूर्वी दिवसांची बेरीज करावी.

या पानावरचे जवळजवळ सर्व गोंधळ ही दोन घड्याळे एकच समजल्यामुळे होतात. त्यामुळे पुढे प्रत्येक ठिकाणी कोणते घड्याळ लागू आहे ते सांगितले आहे.

४. आरएनओआर म्हणजे काय आणि ते किती वर्षे मिळते?

परतलेल्या कुटुंबासाठी कर कायद्यातील ही सर्वांत मोलाची तरतूद आहे. तरीही पुष्कळांना तिचा कालावधी संपल्यावरच तिची माहिती होते. 'निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही' असा हा मधला दर्जा आहे. मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे आपण अनिवासी असाल, किंवा मागील ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिला असाल, तर हा दर्जा मिळतो. दोहोंपैकी एक अट पुरेशी आहे. या काळात परदेशातील व्याज, लाभांश, भाडे आणि भांडवली नफा यांवर भारतात कर लागत नाही. मात्र व्यवसाय भारतातून चालवला जात असेल तर त्याच्या उत्पन्नाला ही सूट नाही.

एक उदाहरण दिवस मोजून पाहू. समजा, बारा वर्षे परदेशात राहिलेले कुटुंब १० ऑगस्ट २०२५ रोजी कारेलीबागेतील घरी कायमचे परतले आणि त्या आर्थिक वर्षात त्याआधी ते आले नव्हते. ३१ मार्च २०२६ पर्यंत त्यांचे २३४ दिवस होतात, म्हणून ते निवासी ठरतात. मागील दहाही वर्षे ते अनिवासी होते, म्हणून २०२५-२६ मध्ये त्यांचा दर्जा आरएनओआर. २०२६-२७ मध्ये मागील दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी, म्हणून पुन्हा आरएनओआर. खरा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे २०२७-२८ चा आहे. पहिली अट आता पूर्ण होत नाही, म्हणून दुसरीकडे वळावे लागते. त्याआधीच्या सात वर्षांत परतल्यानंतरचे दिवस २३४ आणि ३६५ मिळून ५९९ होतात. ७२९ पैकी उरतात १३०, आणि २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांतील सर्व भेटी त्यांत बसाव्या लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी २६ दिवस. दरवर्षी दिवाळीला तीन आठवडे येणाऱ्या कुटुंबाला तिसरे वर्ष मिळते आणि पाच आठवडे येणाऱ्याला मिळत नाही. २०२० मध्ये साथीमुळे येथे अडकून पडलेल्यांनी ते दिवस विसरू नयेत. पतिपत्नींची गणना वेगवेगळी होते, कारण बाळंतपणासाठी किंवा सासरच्या कार्यासाठी एकाने अधिक दिवस काढलेले असतात. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरूनच मोजावे, आणि पासपोर्टवरील शिक्के पुसट असतील तर विमानाची तिकिटे हाताशी ठेवावीत.

या दर्जाविषयी दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. परदेशी कंपनीची नोकरी आपण बडोद्याच्या घरी बसून पुढे चालू ठेवली, तर काम भारतात झाल्यामुळे तो पगार पहिल्या दिवसापासून भारतात करपात्र आहे. पगार डॉलरमध्ये परदेशी खात्यात जमा झाला तरीही यात फरक पडत नाही. दुसरी सूचना पैसे प्रथम कोठे जमा होतात याविषयी आहे आणि ती प्रश्न १६ मध्ये आहे.

५. आमची एनआरई, एनआरओ आणि एफसीएनआर खाती आहेत. परतल्यावर त्यांचे काय करायचे?

ही तिन्ही अनिवासी भारतीयांची खाती आहेत: एनआरई परदेशातील कमाईचे रुपया खाते, एनआरओ भारतातील उत्पन्नाचे रुपया खाते आणि एफसीएनआर परकीय चलनातील मुदत ठेव. येथे फेमाचे घड्याळ चालते, म्हणून परतल्यावर लवकरात लवकर बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. एनआरओ खाते साधे निवासी खाते होते. एनआरई खात्यातील रक्कम निवासी रुपया खात्यात किंवा आरएफसी खात्यात (प्रश्न ६ पाहावा) नेता येते. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजदराने त्याच परकीय चलनात चालू राहू शकते आणि त्यानंतर तिची रक्कम आरएफसीमध्ये किंवा रुपयांत जाते. म्हणूनच परतण्याचे ठरले असेल तर अनिवासी असतानाच मोठ्या रकमेची एफसीएनआर ठेव करून येणे अनेकांना सोयीचे पडते. डिमॅट खाते, म्युच्युअल फंडांचे केवायसी आणि विमा पॉलिसी यांतील दर्जाही बदलून घ्यावा.

६. आरएफसी खाते म्हणजे काय? आमच्या शाखेत विचारले तर कोणालाच नीट सांगता आले नाही.

परतलेल्या भारतीयांसाठी भारतातील बँकेत डॉलर, पौंड, युरो अशा परकीय चलनात ठेवता येणारे हे खाते आहे. ते बचत, चालू किंवा मुदत ठेव अशा रूपांत उघडता येते. परदेशातील बचत, तेथील पेन्शन, मालमत्ता विकून आलेली रक्कम आणि एनआरई किंवा एफसीएनआरमधील शिल्लक त्यात जमा करता येते. त्याचा मोठा गुण असा की त्यातील पैसे परदेशात पुन्हा नेण्यावर बंधन नाही आणि ते रुपयांत केव्हा बदलायचे हे आपण ठरवतो. आरएनओआर असेपर्यंत त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि सामान्य निवासी झाल्यावर करपात्र होते.

हे खाते सर्व शाखांच्या रोजच्या कामात येत नाही. बडोद्यात परकीय चलनाचे काम सहसा बँकेच्या मोठ्या शाखांतच होते, म्हणून मांजलपूर किंवा गोत्रीच्या लहान शाखेत खेटे घालण्यापेक्षा परकीय चलन व्यवहार करणारी शाखा कोणती, हे आधी विचारून तेथेच जावे.

७. बँकेला कळवले नाही आणि एनआरईची मुदत ठेव तशीच राहू दिली तर? व्याज करमुक्तच असते ना?

नसते. या एका चुकीच्या समजुतीमुळे सर्वाधिक नोटिसा येतात, म्हणून हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. एनआरई ठेवीच्या व्याजावरील सूट फेमानुसार अनिवासी असलेल्या व्यक्तीला आहे. आपण कायमचे परतलात की फेमानुसार निवासी झालात आणि त्या तारखेपासूनचे व्याज करपात्र झाले. आरएनओआरचा दर्जा येथे उपयोगी पडत नाही, कारण तो प्राप्तिकराच्या घड्याळाचा आहे आणि ही सूट फेमाच्या घड्याळाला बांधलेली आहे. बँकेला माहीत नसल्याने ती कर कापत नाही आणि खातेदाराला वाटते की सर्व ठीक आहे. परतल्याच्या तारखेपर्यंतचे आणि त्यानंतरचे व्याज बँकेकडून वेगळे लिहून घ्यावे आणि नंतरचे व्याज विवरणपत्रात दाखवावे. आखातातून येणाऱ्या कुटुंबांची बहुतेक बचत याच ठेवींत असते, त्यामुळे त्यांनी हे उत्तर दोनदा वाचावे.

८. पैसे पाठवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता?

लोक पाठवणीच्या शुल्काची तुलना करतात, परंतु खरा खर्च विनिमय दरात असतो. ६०,००० डॉलर पाठवताना बाजारभावापेक्षा डॉलरमागे ५० पैसे कमी मिळाले तर ३०,००० रुपये गेले, आणि ते कोणत्याही पावतीवर 'शुल्क' म्हणून दिसत नाहीत. म्हणून 'शुल्क किती?' असे न विचारता 'सर्व वजा जाता माझ्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?' असे विचारावे आणि एकाच दिवशी, एकाच तासाला दोनतीन ठिकाणी विचारावे. मोठी रक्कम असेल तर बँकेच्या परकीय चलन विभागाशी बोलून दर सुधारून मिळतो. न विचारणाऱ्याला मात्र फलकावरचाच दर मिळतो.

भारतात रूपांतर करताना जीएसटीही लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसून ठरावीक सूत्राने काढलेल्या मूल्यावर १८ टक्के असतो. ५० लाख रुपयांच्या रूपांतरावर ते मूल्य ९,५०० रुपये येते आणि कर १,७१० रुपये. रक्कम कितीही मोठी असली तरी हे मूल्य ६०,००० रुपयांच्या वर जात नाही.

प्रथम थोडी रक्कम पाठवून ती नीट पोहोचते का पाहावे. अनेक शाखांचा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो आणि रक्कम बँकेच्या मुख्य परकीय चलन शाखेमार्फत येते, म्हणून योग्य कोड शाखेकडून लेखी घ्यावा. पाठवण्याचे कारण 'स्वतःची बचत' असेच नोंदवावे आणि रक्कम जमा झाल्यावर बँकेकडून परकीय रक्कम मिळाल्याचा दाखला मागून घ्यावा.

९. रोख डॉलर सोबत आणता येतात का? आणि अमेरिकेने पाठवणीवर नवा कर लावला आहे, तो आम्हाला लागेल का?

रोख आणण्यास मनाई नाही, परंतु परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरपेक्षा अधिक असतील, तर विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडे घोषणापत्र भरावे लागते. त्या घोषणापत्राची प्रत असल्याशिवाय ही रक्कम नंतर बँकेत भरताना अडचण येते.

अमेरिकेचा १ टक्का कर १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे, पण तो रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन केलेल्या पाठवणीवर आहे. अमेरिकेतील बँकखात्यातून थेट पाठवलेल्या रकमेला तो लागत नाही.

१०. ओळखीचा माणूस म्हणतो, 'तिथे डॉलर द्या, इथे रुपये घ्या', दरही चांगला देतो. चालेल का?

चालणार नाही. बँकेबाहेर परदेशात डॉलर देऊन येथे आंगडियामार्फत (रोख पोहोचवणाऱ्या खाजगी माणसामार्फत) किंवा हातोहात रुपये घेणे हा फेमाचा भंग आहे आणि गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पूर्णपणे स्वच्छ कमाईला बेहिशेबी पैशाचे रूप येते आणि त्या रुपयांतून घेतलेल्या घराचा हिशेब आयुष्यभर देता येत नाही. व्यवहारात ही सवय किती रुळली आहे हे आम्ही जाणतो, आणि तरीही ती टाळण्याची कळकळीची विनंती करतो.

११. सोयीसाठी सगळी रक्कम वडिलांच्या खात्यात पाठवली तर?

मुलाने किंवा मुलीने वडिलांना दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, परंतु ती भेट ठरते, म्हणजे पैसे त्यांचे होतात. त्यावरील व्याज त्यांच्या उत्पन्नात मोजले जाते आणि त्यांच्या पश्चात त्या रकमेवर सर्व वारसांचा हक्क पोहोचतो. भावाबहिणींत आज कितीही गोडी असली तरी असा प्रसंग त्यांच्यावर आणू नये. पत्नीच्या किंवा पतीच्या खात्यात पाठवलेल्या रकमेचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, म्हणून त्याने कर वाचत नाही. आईवडिलांना खर्चासाठी द्यायचे तेवढे जरूर द्यावे. स्वतःची बचत मात्र स्वतःच्या खात्यात आणावी.

१२. बँक म्हणते नाव जुळत नाही. पासपोर्टवर एक आणि आधारवर दुसरे. काय करावे?

गुजरातमध्ये वाढलेल्या मराठी माणसांची ही नित्याची अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते आणि अनेक सरकारी कागदांवर नावापुढे 'भाई' किंवा 'बेन' लागते. पासपोर्टवर 'सुनीता मोहन देशपांडे', आधारवर 'देशपांडे सुनीताबेन मोहनभाई' आणि पॅनवर माहेरचे आडनाव, असे तीन कागद पुढे आले की खातेरूपांतर थांबते. पासपोर्टवरील नाव प्रमाण धरून आधी आधार आणि मग पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. हे काम परतण्याआधीच्या सुट्टीत उरकले तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात. अनिवासी भारतीयांना पॅन आणि आधार जोडण्यापासून सूट असते, परंतु निवासी झाल्यावर ती संपते आणि न जोडलेले पॅन निष्क्रिय होऊ शकते.

पत्त्याच्या पुराव्यासाठीही हीच तयारी हवी. रावपुऱ्यातील किंवा दांडियाबाजारातील जुन्या वाड्याचे लाइट बिल आजोबांच्या नावावर आणि महानगरपालिकेची वेरा (घरपट्टी) पावती काकांच्या नावावर असते. अशा वेळी आधारवर चालू पत्ता नोंदवून घेणे हाच सरळ मार्ग आहे. ओसीआय कार्डधारकांना भारतात १२ महिन्यांत १८२ दिवस राहिल्यावरच आधारसाठी अर्ज करता येतो, म्हणून परदेशी नागरिकत्व घेतलेल्या जोडीदाराची खाती थोडी उशिरा मार्गी लागतात.

१३. अमेरिकेतील ४०१-के निवृत्ती खात्याचे काय करावे? मोडून टाकावे का?

घाईने मोडू नये. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्याआधी पैसे काढल्यास सामान्यतः १० टक्के दंड आणि त्याशिवाय अमेरिकेचा आयकर लागतो. भारतीय कायद्यानेही येथे चांगली सोय केली आहे. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील ठरावीक निवृत्ती खात्यांतील वाढीवर दरवर्षी कर न भरता, ज्या वर्षी पैसे काढले आणि त्या देशात कर लागला त्याच वर्षी भारतात कर भरण्याचा पर्याय निवडता येतो. सामान्य निवासी होण्याच्या वर्षी विहित अर्ज भरून हा पर्याय घ्यावा लागतो आणि एकदा घेतला की मागे घेता येत नाही. अर्ज राहून गेला तर हाती न आलेल्या वाढीवर भारतात दरवर्षी कर मागितला जाऊ शकतो.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे भारतातील नोकरीची वर्षे त्यात मिळवता येत नाहीत. ज्यांची एखाददोन क्रेडिट कमी पडत आहेत त्यांनी परतण्याची तारीख थोडी पुढे ढकलण्याचा विचार अवश्य करावा.

अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना बडोद्यात राहूनही जगभरातील उत्पन्नाचे विवरणपत्र अमेरिकेत भरावे लागते. भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तीही तेथे कळवावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेचे नियम फार कडक आहेत, म्हणून या गटातील लोकांनी सल्ल्याशिवाय येथे एसआयपी सुरू करू नये.

१४. ब्रिटनमधील पेन्शन आणि आयसा (तेथील करमुक्त बचतीचे) खाते?

खाजगी पेन्शनला सध्या ५५ व्या वर्षाआधी हात लावता येत नाही आणि ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होईल. 'आम्ही आधीच काढून देतो' असे सांगणाऱ्या दलालांपासून दूर राहावे, कारण त्यावर तेथे जबर कर लागतो. सरकारी पेन्शनसाठी किमान १० पात्र वर्षे लागतात आणि भारतात राहणाऱ्याला ती मिळते, पण तेथील वार्षिक वाढ येथे मिळत नाही. ज्या रकमेवर सुरू झाली त्याच रकमेवर ती राहते. आयसा खाते चालू ठेवता येते, त्यात नवे पैसे घालता येत नाहीत आणि सामान्य निवासी झाल्यावर त्याचे उत्पन्न भारतात करपात्र होते, कारण ती करमुक्ती ब्रिटनपुरती आहे.

१५. आखात, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथून येणाऱ्यांनी काय पाहावे?

आखातातून येणाऱ्यांनी आधी कर्जे आणि क्रेडिट कार्डे फेडून बँकेकडून नादेय दाखला घ्यावा, कारण नोकरी संपल्याची रक्कम जमा होताच कर्ज शिल्लक असलेले खाते बँक रोखून धरू शकते. संयुक्त अरब अमिरातीत किमान एक वर्ष नोकरी झालेल्यांना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यानंतर ३० दिवसांच्या मूळ पगाराइतकी सेवासमाप्तीची रक्कम मिळते. व्हिसा रद्द करण्यापूर्वी ती हिशेबाप्रमाणे जमा झाली आहे ना, हे पाहावे.

कॅनडा सोडताना तेथील कर विभाग आपले शेअर आणि बरीच मालमत्ता त्या दिवशी विकली असे मानून नफ्यावर कर आकारते. कॅनडातील घर आणि आरआरएसपी (तेथील निवृत्ती बचत खाते) त्यातून वगळलेले आहेत. ऑस्ट्रेलियातून तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला सुपर (निवृत्ती) खात्याची रक्कम देश सोडल्यावर काढता येते आणि तिच्यावर साधारण ३५ टक्के कर कापला जातो. कायम निवासी आणि नागरिकांना मात्र निवृत्तीच्या वयापर्यंत थांबावे लागते.

१६. कंपनीचे शेअर आणि परदेशातील घर परतण्याआधी विकावे की नंतर?

भारतात परतल्याच्या दिवशीचा भाव 'नवी खरेदी किंमत' धरला जात नाही. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला शेअर सामान्य निवासी झाल्यावर विकला तर पंधराही वर्षांचा नफा भारतात करपात्र होतो. म्हणून मोठा नफा असलेली मालमत्ता अनिवासी किंवा आरएनओआर असतानाच विकावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. शेअर ठेवायचेच असतील तर याच काळात विकून पुन्हा घेतल्याने खरेदी किंमत नवी होते. विक्रीच्या वर्षी त्या देशाचा कर लागतो का, हे स्वतंत्रपणे तपासावे. अमेरिका सोडून तेथील करदृष्ट्या अनिवासी झालेल्या व्यक्तीला शेअरच्या नफ्यावर तेथे सहसा कर लागत नाही, पण ग्रीन कार्डधारकाला लागतो.

प्रश्न ४ मध्ये सांगितलेली दुसरी सावधगिरी येथेच लागू पडते. आरएनओआरलाही भारतात प्रथम प्राप्त झालेल्या उत्पन्नावर कर आहे. विक्रीची रक्कम, भाडे किंवा लाभांश थेट बडोद्याच्या खात्यात मागवला तर तो भारतात प्राप्त झाला असे म्हणता येते. तोच आधी परदेशातील खात्यात जमा करून मग येथे पाठवला तर ती केवळ बचतीची पाठवणी होते. यासाठी परदेशातील एक तरी बँकखाते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आरएनओआर संपेपर्यंत चालू ठेवावा. क्रमांक बंद झाल्यामुळे ओटीपी येत नाही आणि खाते असूनही हाताबाहेर जाते, अशी पत्रे आम्हाला वारंवार येतात.

१७. मुलगी अजून परदेशात शिकते आहे. तिच्यासाठी पैसे पुन्हा पाठवावे लागतील, मग सगळे आणावे का?

आणू नये. निवासी झाल्यावर रुपया खात्यातून परदेशी पाठवण्यावर प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे आणि वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँकेने वसूल करायचा कर) कापला जाऊ शकतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन वेळा चलन बदलण्याचा तोटा वेगळाच. शिक्षणाला लागणारी रक्कम परदेशातच किंवा आरएफसीमध्ये ठेवावी, कारण तिला ही मर्यादा लागू नाही.

१८. परदेशातील खाती विवरणपत्रात कधीपासून दाखवायची?

ज्या वर्षी आपण सामान्य निवासी ठराल त्या वर्षापासून. अनिवासी आणि आरएनओआर यांना परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागत नाही. त्यानंतर मात्र व्याज न मिळणारे जुने खाते, वर्षाच्या मध्येच बंद केलेले खाते, निवृत्ती खाते आणि पतिपत्नींचे संयुक्त खाते, सर्व काही दाखवावे लागते, आणि तेही आर्थिक वर्षाऐवजी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या हिशेबाने. माहिती न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली आहे. दाखवण्याचे बंधन मात्र तसेच आहे. अनेक देशांतील बँका तेथील खात्यांची माहिती भारताच्या कर विभागाला आपोआप पाठवतात, म्हणून 'कोणाला कळणार' हा विचार मनात आणू नये.

१९. दोन वर्षांनी जमले नाही आणि पुन्हा परदेशी गेलो तर?

आरएफसीमधील शिल्लक पुन्हा अनिवासी झाल्यावर एनआरई किंवा एफसीएनआर खात्यात नेता येते. साध्या रुपया खात्यात आणलेली रक्कम एनआरओ खात्यात राहते आणि तेथून बाहेर नेण्यास वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि करविषयक प्रमाणपत्रे लागतात. मुलांचे मन येथे रमेल की नाही याची खात्री नसलेल्या कुटुंबांनी पहिली दोन वर्षे आरएफसी मोडू नये.

२०. परदेशातील खाती एकट्या पतीच्या नावावर आहेत. उद्या काही बरेवाईट झाले तर?

हा प्रश्न फारच थोडे विचारतात आणि तोही अप्रत्यक्षपणे, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत. भारतात वारसाकर नाही, त्यामुळे परदेशातही नसेल असे गृहीत धरले जाते. अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अमेरिकी कंपन्यांचे शेअर आणि तेथील घर यांच्या एकूण मूल्यातील फक्त ६०,००० डॉलरपर्यंतचा भाग करमुक्त असतो. त्यावरील भागावर ४० टक्क्यांपर्यंत चढत जाणारा कर लागू शकतो. साध्या बँक ठेवी त्यात येत नाहीत. आपण तेथे राहत असताना हीच सूट लक्षावधी डॉलरची असते, म्हणजे परतल्यामुळे जोखीम वाढते आणि आरएनओआरच्या काळात शेअर विकून टाकण्याचे हे दुसरे कारण ठरते. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून वारसाकर दीर्घ निवासावर ठरतो. मागील २० वर्षांपैकी १० वर्षे तेथे राहिलेल्या व्यक्तीच्या जगभरातील मालमत्तेवर देश सोडल्यानंतरही ३ ते १० वर्षे तो लागू राहू शकतो.

प्रत्येक परदेशी खात्यावर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती नोंदवावी. भारतातील मालमत्तेचे मृत्युपत्र भारतात आणि परदेशातील मालमत्तेचे त्या देशाच्या पद्धतीने वेगळे करावे, आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही अशी शब्दरचना वकिलाकडून करून घ्यावी. खात्यांची यादी, संस्थांचे पत्ते आणि कागद कोठे ठेवले आहेत ही माहिती पतिपत्नी दोघांनाही असावी आणि ती वर्षातून एकदा, विवरणपत्र भरतानाच, तपासून घ्यावी.